एका आण्याचे सहा पैसे

संख्या जवळच्या दशकात कशी मांडायची, हा प्राथमिक वर्गातला छोटासा पाठ. मराठीत एकक-दशक-शतक म्हणा, उर्दूत इकाई-दहाई-सैकडा म्हणा, नियम तोच: एककाचा अंक चार किंवा त्याहून लहान असेल तर खाली या, पाच किंवा त्याहून मोठा असेल तर वर जा. 32 चे 30, 37 चे 40. मुले हे पटकन शिकतात. अडतात ती 35 वर. "सर, 35 तर बरोब्बर मध्ये आहे. मग वरच का जायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर देताना मी मुलांना 1957 सालात घेऊन जातो.

त्या वर्षी 1 एप्रिलला आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. कायदा संसदेने 1955 मध्येच केला होता. त्याआधी रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे आणि पैशाच्या 3 पै असा हिशेब चाले. म्हणजे एका रुपयात 64 पैसे किंवा 192 पै. आता रुपयाचे सरळ 100 भाग झाले. जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून या नव्या भागाला 'नया पैसा' म्हटले गेले. 'नया' हा शब्द पुढे 1 जून 1964 पासून गळला.

अडचण अशी की 100 ला 16 ने भागले तर 6.25 येतात. पाव नया पैसा कोणत्याच टांकसाळीत पडत नव्हता. जुनी आणि नवी नाणी तर काही वर्षे बाजारात सोबतच फिरणार होती. म्हणून सरकारने रूपांतराचा तक्ता दिला. एका आण्याचे 6 नये पैसे. तीन आण्यांचे होतात 18.75, म्हणून 19. चार आण्यांचे नेमके 25.

आणि दोन आण्यांचे? हिशेबाने 12.5, म्हणजे बरोब्बर मधोमध. तक्त्यात लिहिले होते 12. सहा आण्यांचे 37.5, तिथे 37. म्हणजे आपण वर्गात अर्ध्याला वर नेतो, तर त्या तक्त्याने अर्ध्याला खाली आणले. उलट, आपल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 288 अ मध्ये रक्कम दहाच्या पटीत करताना शेवटचा अंक पाच असला तर वर जायला सांगितले होते. देश एकच, पण नियम दोन.

यावरून मुलांना एक गोष्ट कळते. 32 चे 30 होतात, कारण 30 खरोखरच जवळ आहे. 35 चे 40 होतात, कारण आपण तसे ठरवले आहे. ठरवण्यामागे सोयही आहे. शतकात मांडताना 351 ते 399 या सगळ्या संख्या वर जाणारच, मग 350 लाही त्यांच्याबरोबर पाठवले की फक्त दशकाचा अंक पाहून भागते. पण सोय म्हणजे निसर्गनियम नव्हे.

पुढचा हिशेब मी मुलांकडूनच करून घेतो. एक माणूस एकेक आण्याची वस्तू सोळा वेळा घेतो. दर वेळी 6 नये पैसे देतो. एकूण 96. रुपयाचा माल चार पैसे स्वस्त! दुसरा माणूस त्याहून गरीब. तो एकेका जुन्या पैशाचे मीठ-मिरची घेतो. जुना एक पैसा म्हणजे 1.5625 नये पैसे, तक्त्याप्रमाणे 2. रुपयाचा माल त्याने असा 64 वेळा घेतला तर त्याचे 128 नये पैसे जातील. एकदम रुपयाचा माल नेणारा मात्र 100 च देईल. तक्ता सगळ्यांना सारखाच होता, पण जो जितके थोडे थोडे विकत घेई, त्याला प्रत्येक वेळी त्या राउंड फिगरला सामोरे जावे लागे.

इथे वर्ग गप्प होतो. मग दुसरा नियम सांगायला वेळ लागत नाही: आधी पूर्ण बेरीज करा, राउंड शेवटी एकदाच करा. 24 रुपयांच्या चार वह्या. प्रत्येकीचे 20 धरले तर 80 होतात. खरी बेरीज 96, जवळचे दशक 100. अंदाज घ्यायला 80 चालतील, पण दुकानदाराला द्यायला चालणार नाहीत.

या बदलाची खूण भाषेतही राहिली. 25 पैशांचे नाणे 30 जून 2011 पासून चलनातून गेले, तरी 'चाराणे', 'आठाणे', 'बाराणे' हे शब्द आपल्या घरांत अजून ऐकू येतात. चार, आठ आणि बारा आण्यांचे नेमके 25, 50 आणि 75 होतात, त्यांत काही सोडावे किंवा जोडावे लागत नाही. दोन आणे आणि तीन आणे मात्र व्यवहारातून निघून गेले.

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची दादी किंवा नाना असतील तर एकदा मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि विचारायला सांगा: दुकानदार दोन आण्यांचे 12 धरायचा की 13? वरच्या अर्ध्या पैशावरून कुणाचे भांडण झाले होते का? पाठ्यपुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा ती गप्पा मुलांच्या जास्त लक्षात राहील.