सामन नसलेला सामन

मुंबईत ऑफिसच्या पार्टीला मेन्यूवर 'इंडियन सामन' दिसला. मी वेटरला विचारलं, "म्हणजे रावस ना?" तो हसला, "हो सर, रावसच." बोईसरच्या मच्छी मार्केटात वाढलेल्या माणसाला हे नाव खटकतं. ते आलं कुठून?

सामन आणि ट्राउट एकाच कुळातले. युरोपातला समुद्री ट्राउट नदीत जन्मतो, समुद्रात पोसतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत शिरतो. वसंतात डेन्मार्कच्या किनाऱ्यावर हौशी लोक कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभे राहून, गळाला पिसांची खोटी माशी बांधून त्याला पकडतात. हा खेळ आहे, पोटाचा धंदा नाही.

इंग्रज साहेब हा नाद घेऊन भारतात आले. निलगिरी आणि काश्मीरच्या थंड ओढ्यांत त्यांनी ट्राउट आणून सोडले. मद्रासच्या मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक लिहिलं. आपल्या कोमट किनाऱ्यावर मात्र ट्राउट जगणं शक्य नव्हतं. इथला रुपेरी, भरल्या अंगाचा, खाडीच्या तोंडाशी फिरणारा रावस इंग्रजीत 'इंडियन सामन' झाला.

नातं मात्र काहीच नाही. रावस खाडीत शिरतो, पण सामनसारखा अंडी घालायला नदी चढत नाही. १८०४ मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'टेट्राडॅक्टिलम' म्हणजे चार बोटांचा असा शब्द आहे. रावसाच्या छातीखाली खरोखरच चार सुटे धागे असतात. गढूळ पाण्यात तो त्यांनी चाचपून खाणं शोधतो. शॉ यांनी निदान मासा नीट पाहिला होता.

रावसाची आणखी एक गोष्ट मेन्यूवर कधीच येत नाही. तो आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो. म्हणजे थोराड रावस बहुतेक माद्याच. बाजारात मोठ्यालाच मान, त्यामुळे नेमक्या अंडी देणाऱ्याच आधी उचलल्या जातात. बारके पकडावेत, तर त्यांची मादी व्हायची वेळच येत नाही.

त्यात आमचा किनारा. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला, शेजारी एमआयडीसी वाढली. कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं. या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हरित लवादात गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांनी भरपाई द्यावी असा आदेश दिला. मासे पकडणाऱ्यांनाच पाण्यासाठी भांडावं लागलं.

आमच्या पगाराचे चेक याच एमआयडीसीतून आले. बाबांनी तिथेच नोकरी केली, माझी इंजिनियरिंगची फी त्यातूनच भरली गेली. म्हणून कारखान्यांना शिव्या घालून मला मोकळं होता येत नाही.

गेल्या महिन्यात मार्केटात मावशींना विचारलं, "मोठा रावस नाही का?"

"मोठा आता रोज कुठं येतो, बाबू? हा बारका घे."

मी घेतला नाही. मावशींनी कोयता बाजूला ठेवला आणि विचारलं, "मग मी काय विकू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.