हजेरीपटावरची भूक

बाहत्तरच्या दुष्काळाचा विषय जुन्या माणसांपुढे काढायचा अवकाश, लगेच मिलो आणि सुकडी सुरू होते. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिच्या मोडणाऱ्या भाकऱ्या... आणि मग ठरलेलं वाक्य: "तेव्हा सगळ्यांचेच हाल होते रे!"

आता गंमत बघा, दुष्काळात सगळ्यांचे हाल सारखे असं सहसा होतच नाही. १९४३ चा बंगाल घ्या. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात नेमका हाच हिशेब मांडलाय. तांदळाचे भाव भडकले तेव्हा आधी कोण कोसळलं? शेतमजूर, मासेमार, भात कांडून पोट भरणाऱ्या बायका. ज्याला वाटा धान्यात मिळायचा तो बटाईदार त्या मानाने तगला. आणि कलकत्त्यातल्या गिरण्या-कचेऱ्यांतल्या नोकरदारांना मालकांमार्फत स्वस्त धान्य मिळत होतं. लाखो माणसं मेली, पण ती बहुतेक खेड्यातली, रोख मजुरीवर जगणारी.

मग बाहत्तरला आपल्याकडे काय वेगळं झालं? पाऊस तर लागोपाठ हुकला होता, १९७२ चा खरीप अनेक तालुक्यांत हातचा गेला. रेशनवर येणारं धान्यही गरजेच्या मानाने फारच तोकडं होतं. फरक पडला तो कामांनी. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि सगळ्यांच्या आठवणीतली ती खडी फोडणं. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती! बायका तर प्रचंड संख्येने. हातात मजुरी आली की माणूस बाजारात उभा राहू शकतो, आणि गिऱ्हाईक दिसलं की धान्यही वाट काढत येतं. ज्याँ द्रेझ यांनी नंतर या दुष्काळाचा अभ्यास केला. त्यात दिसतं की खाणं कमी झालं ते फक्त मजुरांचं नाही, मोठ्या शेतकऱ्यांच्या घरातही ताटातलं कमी झालं. म्हणजे तूट वाटली गेली. बंगालमध्ये ती एकाच थरावर आदळली होती.

कामं काढणं यात नवीन काही नव्हतं म्हणा. १८७७ मध्ये इंग्रजांनीही काढली होती, पण रिचर्ड टेंपल साहेबांनी मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं, वर एक आणा. खडी फोडणाऱ्याला साडेचारशे ग्रॅम! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला होता.

वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेली रोजगार हमी पुढे १९७७ चा कायदा झाली. पैसा कुठून आणायचा? १९७५ पासून व्यवसाय कर. आपल्या पगारपत्रकात महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तोच. कंपनीत दर वर्षी फेब्रुवारीत कुणीतरी विचारतंच, "हे शंभर जास्त कसले?" शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसे द्यायचे, आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असा तो बेत होता. मला तरी हा आपल्या राज्याने केलेला फार शहाणा कायदा वाटतो.

पण "सगळ्यांचेच हाल" या वाक्यात एक मेख आहे. ताट सारखं रिकामं झालं तरी नंतरचं वर्ष सारखं नव्हतं. विहीर असलेला बागायतदार पुढच्या पावसाला उभा राहिला. ज्या कोरडवाहूवाल्याची बैलजोडी गेली, मेली किंवा कवडीमोलाने विकली, त्याला पाऊस पडूनही नांगर धरता येईना. मजुराकडे विकायला आधीही काही नव्हतं.

आणि हजेरीपट हा शेवटी हातांचा हिशेब. ज्या घरात फक्त म्हातारी आणि दोन लहान पोरं होती, त्या घराचं नाव पटावर कुणी आणि कसं लिहायचं?