शार्त्र येथील 'इशायाचा वृक्ष'

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मागील पिढ्यांचें ऋण आठवावें, हें उचितच होय. तेंच ऋण रंगीत काचेंत दाखविणारी एक खिडकी फ्रान्स देशांतील शार्त्रच्या महामंदिरांत आहे. तिचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

महामंदिराच्या पश्चिम भिंतींत तीन उंच खिडक्या आहेत. आंतून पाहिलें असतां उजवीकडे इशायाचा वृक्ष, मध्यें प्रभूचा जन्म व जीवन आणि डावीकडे त्याचें दुःखसहन व पुनरुत्थान दिसतें. त्या ११५० च्या सुमाराच्या आहेत. सें-दनी येथें मठाधिपती सुझेर ह्यानें ११४४ च्या सुमारास अशीच वृक्षाची खिडकी करविली होती. तिचा कित्ता शार्त्रच्या कारागिरांनीं गिरविला.

दाविदाचा पिता इशाय ह्याच्या कुळाच्या खुंटास पुन्हा पालवी फुटेल, असें भाकीत संदेष्टा यशयानें केलें होतें. म्हणून खिडकीच्या तळाशीं इशाय निजलेला असून त्याच्या देहांतून वृक्ष उगवला आहे. त्यावर क्रमानें चार राजे, त्यांच्यावर पवित्र मरिया आणि शिखरावर ख्रिस्त विराजमान आहे. ख्रिस्ताभोंवतीं सात कबुतरें आहेत; तीं पवित्र आत्म्याचीं सात दानें होत. दोन्ही बाजूंस चौदा संदेष्टे साक्षीदार म्हणून उभे आहेत. लॅटिन भाषेंत 'व्हिर्गा' म्हणजे डहाळी आणि 'व्हिर्गो' म्हणजे कुमारी. ह्या नादसाम्यावरून धर्मपंडितांनीं मरियेस ती डहाळी मानिलें. सूर्यकिरण काचेंतून पार जातो, तरी काच भंगत नाहीं. मरियेच्या कौमार्यास हाच दृष्टांत मध्ययुगांत देत असत.

आतां कारागिरी पाहूं. बाराव्या शतकांतील थिओफिलस नांवाच्या संन्याशानें हिची कृति लिहून ठेविली आहे. बीच वृक्षाची राख दोन भाग व वाळू एक भाग एकत्र वितळवून काच करीत. निळ्या रंगास कोबाल्ट व तांबड्यास तांबें लागे. चुना फांसलेल्या फळीवर आकृति रेखून, तापलेल्या लोखंडानें काच तडकवून तिचे तुकडे पाडीत. चेहरे व वस्त्रांच्या चुण्या काळसर रंगानें काढून तुकडे भट्टींत भाजीत, आणि शेवटीं शिशाच्या पट्ट्यांत बसवून डाख देत. राख, वाळू व शिसें ह्यांसारख्या हलक्या वस्तूंतून हें वैभव निर्माण झालें. कारागिरांचीं नांवें मात्र कोठेंही उरलीं नाहींत.

११९४ सालीं आगींत मंदिराचा बहुतेक भाग जळाला, परंतु पश्चिम भिंत व ह्या खिडक्या वांचल्या. पुढें १९१८ सालीं व पुन्हा १९३९ सालीं, युद्धाच्या भीतीनें, सर्व काचा उतरवून सुरक्षित स्थळीं ठेवाव्या लागल्या, आणि शांतता झाल्यावर त्या परत बसविल्या. १९७० नंतरच्या दशकांत पश्चिमेच्या काचांवरील शतकांचा मळ काढण्यांत आला. तेव्हां ही खिडकी एकदांच घडली असें नाहीं. प्रत्येक पिढीनें ती पुन्हा राखली.

वृक्षावरील राजे आपल्या पराक्रमाकरितां तेथें नाहींत. पुढील फांदीस आधार देणें, एवढेंच त्यांचें कार्य. आमच्या पूर्वजांनीं श्रद्धेची डहाळी आम्हांपर्यंत अशीच पोंचविली आहे. ती सुकूं न देतां मुलांच्या हातीं द्यावी, ह्यांतच ज्युबिलीचें सार्थक आहे असें आम्हांस वाटतें.