मानेच्या गाठीचा नकाशा आणि कांदोळीचा पाद्री

मानेत कॅरोटिड धमनीला दोन फाटे फुटतात. त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा पेशीपुंज असतो. त्यातून वाढणारी गाठ, म्हणजे कॅरोटिड बॉडी ट्यूमर, रक्तवाहिन्यांनी इतकी गच्च भरलेली असते की तपासणीसाठी तिचा तुकडा काढणे सहसा टाळतात. तिची ओळख शस्त्रक्रियेआधी प्रतिमांतूनच पटवावी लागते, आणि एकमेकांपासून फाकलेले दोन फाटे ही तिची मुख्य खूण. धमनी कुठे सरली यावरून गाठ ओळखायची ही रीत लिस्बनमध्ये रुजली, आणि ती रुजवणारा माणूस त्याआधी एका गोवेकराचे चरित्र लिहीत होता.

क्ष-किरण 1895 चे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात मृत हाताच्या रक्तवाहिन्यांचे चित्र निघाले. जिवंत मेंदूच्या धमन्या प्रथम दाखवल्या लिस्बनच्या एगास मोनिझ याने. आधी वापरलेल्या स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडने एक रुग्ण दगावला. मग 28 जून 1927 रोजी मान उघडून, कॅरोटिडमध्ये 25 टक्के सोडियम आयोडाइड सोडून, पिट्युटरीच्या गाठीने जागेवरून सरकवलेल्या धमन्या त्याने टिपल्या. मान तेव्हा मेंदूकडे जाणारा नुसता दरवाजा होती.

याच मोनिझने 1925 मध्ये आबे फारियावर पुस्तक लिहिले होते. हा पाद्री 1756 मध्ये गोव्यातल्या कांदोळीत जन्मला आणि 1819 मध्ये पॅरिसमध्ये वारला. संमोहनात प्रयोगकर्त्याकडून कोणताही चुंबकीय प्रवाह येत नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनातच घडते, असे त्याने मांडले. मोनिझने त्याला संमोहनाच्या इतिहासात मानाचे स्थान दिले.

1925 चे पुस्तक आणि 1927 चे चित्र यांचा संबंध काय? प्रस्थापित मत सांगते, काहीच नाही. डँडीने 1918 मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून चित्रे काढली होती, सिकार आणि फॉरेस्टियेने क्ष-किरणांत दिसणारे लिपिओडॉल वापरले होते. मोनिझची वाट तिथूनच निघते. तंत्रापुरते हे निर्विवाद आहे. पण तंत्र कुठून आले, एवढ्याने घाई का झाली हे कळत नाही. पहिल्या यशानंतर नवव्याच दिवशी, 7 जुलैला, मोनिझने पॅरिसच्या न्यूरॉलॉजी सोसायटीपुढे निबंध वाचला. ज्या शहरात फारियाने आपले मत मांडले, तिथेच. पोर्तुगीज अमलातल्या एका माणसाचा अग्रहक्क विस्मृतीत कसा जातो हे नुकतेच लिहून झालेल्याने स्वतःच्या शोधाबाबत ती चूक टाळली, असा तर्क इथे सर्वांत पटणारा आहे. फारियाने मोनिझला पद्धत दिली नाही, पण उशिराची किंमत दाखवली असावी.

पुढचे टप्पे सर्वश्रुत आहेत: 1953 मध्ये सेल्डिंगरने सुईवाटे नळी घालायची सोय केली, 1971 मध्ये सीटी स्कॅन आला, नंतर एमआरआय. त्याच 1971 मध्ये शॅम्ब्लिनने धमनीला चिकटण्याच्या प्रमाणावरून कॅरोटिड बॉडीच्या गाठींचे तीन गट केले. धमनीभोवतीचा वेढा 270 अंशांपर्यंत गेला, तर धमनीचा भाग कापून जोडण्याची तयारी ठेवतात.

पाळी किंवा पेडण्याहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे 1842 च्या पणजीतल्या वैद्यकीय शाळेच्या वारस संस्थेत, येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतही क्रम हाच. सीटी किंवा एमआरआयवर गाठीची वरची कड कवटीच्या तळापासून किती दूर आहे ते पाहतात. गाठ मोठी असल्यास तिला रक्त पुरवणाऱ्या, मुख्यतः बाहेरच्या कॅरोटिडच्या शाखा नळीवाटे आधी बुजवता येतात. मानेची दुसरी बाजूही तपासतात. दोन्हीकडे गाठी निघाल्यास त्या एकाच वेळी काढत नाहीत, कारण दोन्ही व्हेगस नसा दुखावल्या तर आवाज, गिळणे आणि श्वास सारेच धोक्यात येते.