सेलर प्लूटो

सेलर प्लूटो ही जपानी चित्रकथाकार नाओको ताकेउची यांच्या 'बिशोजो सेन्शी सेलर मून' या मांगातील आणि तिच्यावर आधारित ॲनिमेतील एक नायिका आहे. मानवी रूपातील तिचे नाव मेइओ सेत्सुना असे आहे. ही मांगा कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'नाकायोशी' मासिकातून १९९१ च्या अखेरीपासून १९९७ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली, तर तोएई ॲनिमेशनने तयार केलेली २०० भागांची दूरचित्रवाणी मालिका १९९२ ते १९९७ या काळात प्रसारित झाली. कथेतील प्रत्येक रक्षिका सूर्यमालेतील एखाद्या गोलाशी निगडित आहे. सेलर प्लूटो ही प्लूटोची रक्षिका असून काळ व अवकाश यांच्या दाराचे ती एकटीने रक्षण करते. कथेच्या दुसऱ्या पर्वात ती प्रथम दिसते. जुन्या ॲनिमेत तिला चियोको कावाशिमा यांनी, तर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'सेलर मून क्रिस्टल'मध्ये आई माएदा यांनी आवाज दिला.

नावाची व्युत्पत्ती

जपानी भाषेत डोळ्यांना दिसणाऱ्या पाच ग्रहांची नावे चिनी पंचतत्त्वांवरून आली आहेत. बुध हा जलतारा, शुक्र धातुतारा, मंगळ अग्नितारा, गुरू काष्ठतारा आणि शनी मृत्तिकातारा. त्यामुळे या मालिकेतील सेलर मर्क्युरी पाण्याची शक्ती वापरते. रोमन देवदूत मर्क्युरीचा पाण्याशी तसा संबंध नाही. दुर्बिणीच्या शोधानंतर सापडलेल्या गोलांना मात्र अशी प्राचीन नावे असणे शक्य नव्हते. युरेनस (१७८१), नेपच्यून (१८४६) आणि प्लूटो (१९३०) यांची नावे पाश्चात्त्य देवतांच्या अर्थावरून बनवली गेली: आकाशराजा, सागरराजा आणि पाताळराजा. यांपैकी 'मेइओसेई', म्हणजे पाताळराजाचा तारा, हे नाव लेखक नोजिरी होएई यांनी १९३० मध्ये सुचवले. पुढे ते चीन व कोरियातही रूढ झाले. सेत्सुनाचे 'मेइओ' हे आडनाव या शब्दातून थेट घेतलेले आहे.

'सेत्सुना' हे नाव मराठी वाचकास दूरचे वाटले तरी त्याचे मूळ जवळचे आहे. संस्कृत 'क्षण' हा शब्द बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांमधून जपानीत गेला आणि तेथे 'सेत्सुना' झाला. वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'तील कालगणनेनुसार १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र होते. या हिशोबाने एका दिवसात ६४,८०,००० क्षण येतात, म्हणजेच एक क्षण सुमारे १/७५ सेकंदाचा ठरतो. अनंत काळ दाराशी उभ्या असलेल्या स्त्रीचे नाव काळाच्या सर्वांत लहान मापावरून ठेवले गेले आहे.

पुराणकथेचा आधार

प्लूटो हे ग्रीक पाताळदेव हेडीसचे दुसरे नाव असून रोमनांनी ते स्वीकारले. हेडीसच्या राज्यात गेलेला परत येत नाही, कारण तेथील दार तो बंद ठेवतो. दुसऱ्या शतकातील प्रवासी लेखक पॉसेनियसने ऑलिंपिया येथील एका कोरीव मेजाचे वर्णन करताना प्लूटोच्या हातातील किल्लीचा उल्लेख केला आहे. सेलर प्लूटोचा 'गार्नेट रॉड' हा दंडही मोठ्या किल्लीच्या आकाराचा आहे. पाताळाच्या दाराची जागा येथे काळाच्या दाराने घेतली असली, तरी विनापरवाना कोणासही पलीकडे जाऊ न देणारा द्वारपाल ही मूळ कल्पना कायम आहे.

काळाशी तिचा संबंध एका जुन्या गोंधळातून आलेला दिसतो. हेडीसचा पिता क्रोनस हा टायटन होता. काळाची देवता क्रोनॉस ही त्याहून वेगळी. उच्चारसाम्यामुळे प्राचीन काळापासूनच दोघांची सरमिसळ होत आली. मांगात सेलर प्लूटो ही काळदेव क्रोनॉसची कन्या मानली आहे, म्हणजे हेडीसची वंशावळ या सरमिसळीसह तिच्याकडे आली आहे. यात एक अदलाबदलही घडते. क्रोनसलाच रोमन लोक सॅटर्न म्हणत, त्यामुळे काळाचे अधिष्ठान खरे तर सेलर सॅटर्नकडे जावयास हवे होते. प्रत्यक्षात संहार आणि पुनर्जन्म, जे आधुनिक पाश्चात्त्य फलज्योतिषात प्लूटोचे विषय मानले जातात, ते सेलर सॅटर्नकडे आहेत आणि काळ प्लूटोकडे. भारतीय वाचकास हा पेच फारसा जाणवत नाही, कारण 'काळ' या शब्दात समय आणि मृत्यू हे दोन्ही अर्थ आधीपासून आहेत आणि यमासही काळ म्हटले जाते. प्लूटोस काही भारतीय भाषांमध्ये 'यम' असेही नाव आहे.

तिच्या दंडावरील 'गार्नेट ऑर्ब' हा गोल तिसऱ्या पर्वात युरेनसची तलवार आणि नेपच्यूनचा आरसा यांच्यासह तीन दिव्य वस्तूंपैकी एक ठरतो. तलवार, आरसा आणि रत्न ही जपानच्या सम्राटपदाची तीन पारंपरिक राजचिन्हे आहेत. अशा रीतीने ग्रीक पाताळदेवाची वारस असलेल्या पात्राच्या हाती जपानी परंपरेतील रत्न आले आहे. गार्नेट हा शब्द डाळिंबाच्या लॅटिन नावाशी संबंधित आहे, आणि हेडीसच्या पर्सेफनीला पाताळाशी बांधून ठेवणारे फळही डाळिंबच होते.

खगोलशास्त्राचा आधार

प्लूटोचा शोध १८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉमबॉ यांनी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत लावला. 'प्लूटो' हे नाव व्हेनिशिया बर्नी या अकरा वर्षांच्या इंग्रज मुलीने सुचवले होते. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९.५ पट असून एका प्रदक्षिणेस त्याला सुमारे २४८ वर्षे लागतात. सेत्सुनाचे एकाकीपण, तिचे मितभाषी वागणे आणि इतर रक्षिकांपासूनचे अंतर या थंड, दूरस्थ गोलास साजेसे आहे. तिचा 'डेड स्क्रीम' हा प्रहारही, नावात किंकाळी असूनही, जुन्या ॲनिमेत ती कुजबुजत्या स्वरात उच्चारते.

मांगात बाह्य ग्रहांच्या रक्षिकांच्या किल्ल्यांना त्या त्या ग्रहाच्या उपग्रहाचे नाव आहे. प्लूटोच्या किल्ल्याचे नाव कॅरन आहे. कॅरन हा उपग्रह जेम्स क्रिस्टी यांनी १९७८ मध्ये शोधला आणि त्यास मृतांना नदीपार नेणाऱ्या ग्रीक नावाड्याचे नाव मिळाले. मांगा लिहिली जात असताना प्लूटोचा हा एकच उपग्रह ज्ञात होता. उरलेले चार २००५ ते २०१२ या काळात सापडले. प्लूटो आणि कॅरन सुमारे ६.४ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि एकमेकांस कायम तीच बाजू दाखवतात.

प्लूटोची कक्षा इतकी लंबवर्तुळाकार आहे की १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. म्हणजे मांगा प्रसिद्ध होत होती त्या संपूर्ण काळात सूर्यमालेच्या टोकाशी असण्याचा मान प्रत्यक्षात नेपच्यूनकडे होता. कथेने मात्र प्लूटोस सीमेवरचा पहारेकरीच ठेवले.

तीन निषेध

सेलर प्लूटोस तीन गोष्टी निषिद्ध आहेत: काळातून प्रवास करणे, दार सोडून जाणे आणि काळ थांबवणे. काळाच्या दारावर नेमलेल्या या रक्षिकेस भेटायला येणारी जवळजवळ एकच व्यक्ती म्हणजे भविष्यातील राजकन्या चिबिउसा. ती तिला लाडाने 'पू' म्हणते. मांगाच्या दुसऱ्या पर्वात शत्रूपक्षाचा राजपुत्र दोन काळांतील रुपेरी स्फटिक एकत्र आणून सर्वनाश घडवू पाहतो, तेव्हा ती काळ थांबवते. हा तिसरा निषेध मोडण्याची किंमत म्हणून तिला प्राण गमवावे लागतात. तिसऱ्या पर्वात ती विसाव्या शतकातील पृथ्वीवर मानवी रूपात पुन्हा जन्मलेली दिसते. जुन्या ॲनिमेत दुसऱ्या मालिकेतील हा मृत्यू वगळला आहे. तेथे ती तिसऱ्या मालिकेत युरेनस व नेपच्यून यांना हेलिकॉप्टरच्या स्फोटातून वाचवण्यासाठी काळ थांबवते आणि नाहीशी होते.

बटु ग्रह ठरल्यानंतर

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची नवी व्याख्या स्वीकारली आणि प्लूटो बटु ग्रह ठरला. सेलर प्लूटोच्या पदावर मात्र याचा परिणाम झाला नाही. ज्या मालिकेत चंद्राचीही रक्षिका आहे, तेथे ग्रहत्व ही मुळात अट नव्हतीच. न्यू होरायझन्स हे यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले. त्याच्या छायाचित्रांत प्लूटोचे काही प्रदेश गडद लालसर तपकिरी रंगाचे दिसले. पुढील वर्षी प्रसारित झालेल्या 'क्रिस्टल'च्या तिसऱ्या पर्वातही ती पूर्वीच्याच नावाने आणि तोच दंड घेऊन उभी आहे.