तापलेला व्हॉल्व्ह आणि कोकणची दमट हवा

#थ्रेड : विलायती गिटारचा ॲम्प्लिफायर आणि रत्नागिरीच्या माजघरातला रेडिओ यांना एकाच प्रश्नाने ग्रासले होते. त्या प्रश्नाचा हा इतिहास. 🧵

१/ व्हॉल्व्हचा रेडिओ लावताच आवाज येत नसे. आधी डायलचा दिवा लागे, मग पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या छिद्रांतून तांबूस उजेड दिसू लागे आणि थोड्या वेळाने निवेदकाचा स्वर उमटे. हा वेळ व्हॉल्व्ह तापण्यासाठी लागत असे.

२/ १९०४ साली जॉन फ्लेमिंग यांनी दोन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अग्र घातले आणि क्षीण संकेत वर्धित करण्याचा मार्ग खुला झाला. निर्वात नळीतील कॅथोड तापल्यावरच त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. म्हणजे उष्णता ही या यंत्राच्या कार्याची पहिली अट होती.

३/ दुसरी उष्णता मात्र अनावश्यक होती. वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन ॲनोडवर आदळतात आणि त्यांची ऊर्जा तेथे उष्णतेत बदलते. नळीत हवा नसल्यामुळे ही उष्णता मुख्यतः प्रारणाने बाहेर पडते. म्हणूनच अनेक व्हॉल्व्हचे ॲनोड काळे ठेवले जात, कारण काळा पृष्ठभाग उष्णता अधिक टाकतो.

४/ २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता. पुढे प्रक्षेपकांची शक्ती वाढत गेली, तसे त्यांचे व्हॉल्व्ह पंख्याच्या झोताने किंवा खेळत्या पाण्याने थंड ठेवावे लागले. घरगुती संचाला ही चैन परवडणारी नव्हती. त्याचा सारा भरवसा आपोआप वर जाणाऱ्या गरम हवेवर होता.

५/ १९५०च्या दशकात फिलिप्सचा ईएल ८४ हा लहानसा व्हॉल्व्ह रेडिओ-ग्रामोफोनमध्ये रुळला. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवला. त्याच्या तापतंतूला सुमारे ४.८ वॅट लागतात आणि ॲनोडची मर्यादा १२ वॅट आहे.

६/ हाच व्हॉल्व्ह इंग्लंडमधील व्हॉक्स एसी ३० या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये चारच्या संख्येने बसला. हिशेब करा : वादकाने तार छेडली नाही तरी या चार नळ्यांतून साठ-पासष्ट वॅट उष्णता निघणार, आणि तीही बंदिस्त लाकडी पेटीत. म्हणून पेटीच्या माथ्यावर झरोके ठेवावे लागले. अमेरिकेत फेंडरच्या अनेक ॲम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह उलटे टांगलेले असत, त्यामुळे वर जाणारी ऊब थेट चासीलाच भिडे.

७/ या उष्णतेचा पहिला बळी क्वचितच व्हॉल्व्ह असे. काच आणि धातू पुष्कळ सोसतात. बळी जात शेजारी : मेणकागदाचे कंडेन्सर, रबरी वेष्टणाच्या तारा, ट्रान्सफॉर्मर. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य तर तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते.

८/ रत्नागिरीत या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्रावरचा वारा खारट असतो. ज्या छिद्रांतून ऊब बाहेर जायची, त्यांतूनच ओल, मीठ आणि मुंग्या आत यायच्या. छिद्रे बुजवली तर संच आतून भाजणार, उघडी ठेवली तर गंजणार.

९/ दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आणि पॅसिफिकच्या आघाड्यांवर सैन्यांच्या बिनतारी संचांना याच ओलीने व बुरशीने जेरीस आणले होते. त्यातून बुरशीरोधक वार्निशाचा लेप आणि हवाबंद सुटे भाग यांचा प्रसार झाला. उष्ण कटिबंधासाठी यंत्र निराळे घडवावे लागते, हे त्या काळात कारखान्यांना पटले.

१०/ कोकणच्या पावसाळ्यात तीच उष्णता उपकारकही ठरे. रोज तास-दोन तास चालणाऱ्या संचात ओल टिकत नसे. मृगापासून दसऱ्यापर्यंत बंद राहिलेल्या संचाच्या कंडेन्सरमध्ये मात्र ओल शिरे, तारांवर बुरशी चढे. तो एकदम पूर्ण दाबाने लावला की घात होण्याचा संभव मोठा. उन्हाळ्यात ज्या उष्णतेला वाट करून द्यायची, श्रावणात तिलाच आवर्जून बोलवायचे!

११/ घरोघरी रेडिओवर भरतकामाचे आच्छादन असे. ते पाठीमागे लोंबले, किंवा संच भिंतीला अगदी टेकवला, की हवेची वाट बंद होई. संच भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे हा साधा उपाय होता, आणि तो फुकट होता.

१२/ १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. त्याला तापतंतूच नाही. काही दशकांत माजघरातील व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर गेला. गिटारवादकांनी मात्र स्वरासाठी व्हॉल्व्ह सोडला नाही आणि त्यासोबत ही उष्णताही पत्करली.

१३/ तेव्हा कोकणातल्या माळ्यावर आजोबांचा संच सापडला, तर तो लगेच विजेला जोडू नये. आधी जाणकाराकडून कंडेन्सर तपासून घ्यावेत. अनेक पावसाळ्यांची ओल त्यात मुरलेली असते, आणि ती काढणारी ऊब त्याला कित्येक वर्षांत मिळालेली नसते.

(समाप्त)