आधी नाक, मग डोळे

‘चेहरा बघितला की मी माणूस ओळखतो,’ असं छातीठोकपणे सांगणारी माणसं आपल्याला नेहमी भेटतात. चेहरा पाहणं, तो आवडणं, न आवडणं हे सगळं डोळ्यांचं काम, असं आपण धरूनच चालतो. आपली मराठी मात्र जरा वेगळं सांगते. एखादा माणूस पसंत नसला की आपण त्याच्याकडे पाहून नाक मुरडतो. पाहणार डोळा आणि मुरडायचं नाक! या वाक्प्रचारात केवढं शहाणपण आहे, हे अलीकडे काही वाचताना माझ्या लक्षात आलं. त्यातूनच हा लेख.

सुरुवात महाभारतापासून करू. यमुनेवर होडी चालवणारी सत्यवती रूपाने सुंदरच होती. पण मासेमारांच्या सहवासामुळे तिच्या अंगाला मासळीचा वास होता, असं आदिपर्व सांगतं. वास जन्माचा नव्हे, सहवासाचा, कामाचा. पराशर ऋषींनी वर दिला तेव्हा तिने रूप मागितलं नाही, सुगंध मागितला. मत्स्यगंधेची योजनगंधा झाली. पुढे शंतनू राजा यमुनाकाठी आला तेव्हा त्याला आधी सुगंध आला. त्या सुगंधाचा माग काढत तो गेला, आणि मग त्याला ती दिसली. चेहरा तोच होता. तो राजाच्या नजरेला पडला तो मात्र सुगंधाच्या वाटेने.

याच सत्यवतीचा मुलगा व्यास. सुनांना संतती व्हावी म्हणून तिने त्याला बोलावलं, तेव्हा त्याने अट घातली, की माझा गंध, रूप, वेष आणि देह सहन होत असेल तर. मूळ श्लोकात गंध पहिला आहे, रूप त्यानंतर! रानात तप करणाऱ्या माणसाला राजवाड्यातल्या नाकांची पुरती कल्पना होती. अंबिकेने त्याला पाहून डोळे मिटले ते उघडलेच नाहीत, अंबालिका पांढरीफटक पडली, आणि कुरुवंशाच्या पुढच्या साऱ्या दुःखाची सुरुवात तिथून झाली. आईची सुटका एका वराने झाली, मुलाच्या वाट्याला तो वर आला नाही.

आता आजच्या शास्त्राकडे येऊ. डोळे, कान, त्वचा यांचे निरोप मेंदूत जाताना थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून जातात. वासाचा निरोप हा नाका चुकवून थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी पोचतो. त्यामुळे वासाबद्दल विचार करण्याआधीच आपल्याला काहीतरी ‘वाटलेलं’ असतं. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काही स्त्रियांना पुरुषांचे फोटो दाखवले. सोबत कधी जिरॅनियमचा किंवा अत्तराचा वास, कधी रबराचा किंवा घामाचा, तर कधी नुसती स्वच्छ हवा. दुर्गंध सोबत असताना तेच चेहरे कमी आकर्षक ठरले.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला अधिक मोलाचा वाटतो. तिथे लिंबाचा, घामासारखा आणि मधला एक असे वास इतके सूक्ष्म ठेवले होते, की अनेकांना ते आल्याचं कळतही नव्हतं. ज्यांना कळलं नाही, त्यांची चेहऱ्यांबद्दलची आवडनिवड त्या वासांप्रमाणे झुकली. ज्यांना वास आल्याचं कळलं, त्यांच्यावर मात्र तो परिणाम दिसला नाही. म्हणजे कळलेला वास आपल्याला फसवत नाही, न कळलेला फसवतो.

प्रयोगशाळेत एवढ्याशा वासाने हे होतं, तर समाजात पिढ्यान् पिढ्या काय झालं असेल? विलायतेत आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांनी १८४६ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे, वास म्हणजेच रोग, अशा अर्थाची साक्ष दिली होती. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमधला कॉलरा एका पंपाच्या दूषित पाण्याशी जोडून दाखवला, तरी ही समजूत पुष्कळ काळ टिकली. चॅडविक यांच्या खटपटीमुळे गटारं सुधारली, हे खरंच. पण ज्या गरिबांच्या वस्तीला वास, ती माणसंच रोगट, असं पाहण्याची सवयही या समजुतीने पक्की केली. मोतीहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ च्या ‘द रोड टू विगन पिअर’ मध्ये स्वच्छ लिहिलं, की कामगारांच्या अंगाला वास येतो हे मध्यमवर्गीय मुलांना लहानपणीच शिकवलं जातं. मतभेद विसरता येतात, पण शरीराला वाटलेली किळस ओलांडणं फार अवघड, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडे तर हीच किळस धर्माच्या नावाने जन्माला चिकटवली गेली. मैला उचलायला लावायचं, मेलेली ढोरं ओढायला लावायचं, अंघोळीला पाणवठा बंद ठेवायचा, आणि मग म्हणायचं, ‘यांना वास येतो.’ कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांनी ही गाठ नेमकी ओळखली होती. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. ते नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी अन्नाचा सत्याग्रह केला, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडास-सफाई आणि मेलेल्या जनावरांचं कातडं सोडवणं हीसुद्धा प्रतिष्ठेची कामं मानून केली. ब्राह्मण पदवीधराच्या हातालाही तोच वास येतो, हे लोकांना दिसलं. भाषणांपेक्षा हा धडा मोठा.

मी समुद्राकाठच्या एका गावी शिकवायला होते. पावसाळ्यात सुकी मासळी घरातच ठेवावी लागते, तिचा वास दप्तराला, गणवेशाला लागतो. आठवीच्या मुलांना एकदा ‘माझी वर्गमैत्रीण’ असा निबंध घातला होता. मासळी विकणाऱ्या बाईच्या मुलीबद्दल दोघीतिघींनी लिहिलं, की ती दिसायला रागीट आहे, तिचं तोंड सदा आंबट असतं. वासाबद्दल एक अक्षर नाही! ती मुलगी मला तर चांगली हसरी वाटे. सर्वांनी बाकावरून सरकून बसायचं ठरवलं तर कुणाचं तोंड गोड राहील? दुसऱ्या दिवशी मी वर्गात सुकी मासळी कशी करतात ते तिलाच सांगायला लावलं. खारवणं, वाळवणं, पावसाची धास्ती, सगळं तिने झकास सांगितलं. वासाचं नाव उघड घेतलं गेलं, आणि वर्गात हशा पिकला, तिच्यासकट. वास काही गेला नाही. बाकावरची जागा मात्र भरली.

नॉर्थवेस्टर्नचा प्रयोग वाचताना त्यातलं मर्म मला म्हणूनच ओळखीचं वाटलं. नाकाला काय आवडावं हे आपल्या हाती नाही. पण समोरच्या चेहऱ्यावर राग, उर्मटपणा, आळस दिसू लागला, की हे डोळे सांगतायत की नाक, एवढं स्वतःला विचारणं नक्कीच हाती आहे. आणि पराशरांचा वर जिला मिळाला नाही तिच्या घरी नळाचं पाणी पोचवणं, हेही.